ठीक चाललंय : शून्य गुण

मराठी माणसाला तब्येत विचारली तर तो खरं सांगत नाही. यात लबाडी नसते, वळण असतं. हाताला सलाईन टोचलेलं असलं तरी भेटायला आलेल्याला "काही विशेष नाही हो, उगाच ठेवून घेतलंय" म्हणायचं, आणि तो स्टुलावर टेकायच्या आत "तुमच्या गुडघ्याचं काय झालं?" असं विचारून मोकळं व्हायचं. आमच्या घराण्यात तर स्वतःचं आजारपण सांगणं असभ्य मानतात. माझे आजोबा एका दुपारी "जरा पडतो" म्हणून पडले ते गेलेच. त्यांना काय होत होतं हे शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही, आणि याचं घरात अजून कौतुक होतं.

ही शिस्त घेऊन मी इंग्लंडात आलो आणि रेडिंगला स्थिरावलो. इथे ती खपून गेली, कारण इंग्रजांचंही तेच. "हाउ आर यू?" हा प्रश्न उत्तरासाठी नसतो. चहा सोडला तर दोन्ही समाजांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावर झालेलं मी पाहिलं नाही. मात्र याच इंग्रजांच्या सरकारनं एक फॉर्म काढला आहे. त्यात पानोपानी "तुमचं कसं चाललंय?" असं विचारलेलं असतं आणि "ठीक" लिहिलं की शून्य गुण मिळतात. खरेखुरे गुण असतात हे. त्यांची बेरीज करतात आणि आठाला पास.

मी टाइप वन मधुमेही. कॉलेजात असल्यापासून इन्शुलिनवर. हे ऐकलं की नातेवाईक "लहानपणी फार गोड खायचास का रे?" असं विचारतात. टाइप वनमध्ये शरीराची संरक्षण यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते, गोडाचा त्यात काही दोष नाही, हे पूर्वी मी समजावून सांगायचो. आता "हो, जिलब्या" म्हणून टाकतो. त्यांचं समाधान होतं आणि माझा वेळ वाचतो.

इन्शुलिन घेणाऱ्याला वाढलेल्या साखरेपेक्षा उतरलेल्या साखरेची भीती जास्त. त्याला आम्ही हायपो म्हणतो. साखर उतरायला लागली की घाम येतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं. शरीर हाक मारत असतं. पण वर्षानुवर्षं इन्शुलिन घेतल्यावर काहींच्या बाबतीत शरीर हाक मारणं सोडून देतं. माझ्यानं ती सोडली. त्यामुळे मी गॅससमोर उभा असतो, तेल तापलेलं असतं, आणि ते कशासाठी तापवलं हे मला ठाऊक नसतं. बाहेरून पाहणाऱ्याला हा गृहस्थ विचारात गढलेला दिसतो. मी अधूनमधून लिहितो हे माहीत असलेल्यांना तर "काहीतरी सुचतंय वाटतं" म्हणून दार लोटून घ्यायची इच्छा होते. बायकोला होत नाही. ती आधी गॅस बंद करते आणि मग माझ्या तोंडात जेली बेबी कोंबते.

जेली बेबी हे इथलं हायपोवरचं सर्वमान्य औषध. बाळाच्या आकाराच्या रंगीत, मऊ गोळ्या. चार-पाच खायच्या, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा साखर तपासायची. त्यात जिलेटिन असतं आणि जिलेटिन प्राण्यांपासून काढतात. माझ्या आईला मी हे सांगितलेलं नाही. पूर्वी काहीजण त्याऐवजी ग्लुकोजचं एक प्रसिद्ध पेय प्यायचे. साखरेच्या पेयांवर २०१८ च्या एप्रिलपासून कर बसणार म्हणताच कंपनीनं वर्षभर आधीच त्यातली साखर जवळजवळ निम्मी केली. देश सडपातळ व्हावा हा सरकारचा हेतू चांगलाच होता. पण ज्यांचा जीवच त्या साखरेवर वर यायचा त्यांना घोटांचा हिशेब नव्यानं मांडावा लागला.

तो गुणांचा फॉर्म ज्या भत्त्याचा, त्यासाठी अर्ज करायचं बायकोनं ठरवलं. भत्त्याचं नाव पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, बोलण्यात नुसतं पिप. २०१३ च्या एप्रिलपासून तो सुरू झाला. त्याआधीचा डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स १९९२ पासूनचा, आणि सोळा वर्षांखालच्या मुलांना इंग्लंडात अजून तोच मिळतो. आमच्या ओळखीच्या एका मराठी घरातल्या मुलाला टाइप वनमुळे तो मिळत होता. सोळा पूर्ण झाल्यावर पिपसाठी अर्ज करावा लागला आणि तो फेटाळला गेला. मुलगा तोच, इन्शुलिन तेच, रात्री उठणारी आईही तीच. वाढदिवसाच्या केकची तेवढी भर पडली होती. ती माउली महिनाभर येईल त्याला "मधुमेह सज्ञान झाला हो आमचा" असं सांगत होती. बायकोनं तिच्याकडूनच सगळी माहिती काढली.

पिपला पगार किती, बँकेत किती, नोकरी आहे की नाही, हे विचारत नाहीत. एवढं बरं आहे. रोगाच्या नावालाही फारशी किंमत नाही. रोगापायी कुठली कामं अडतात तेवढंच पाहतात. अशी बारा कामं ठरवून दिली आहेत : दहा रोजच्या जगण्यातली आणि दोन हिंडण्याफिरण्याची. या दोन गटांची बेरीज वेगवेगळी होते. ८ गुणांना साधा दर, १२ गुणांना वरचा. रोजच्या जगण्याचा साधा दर २०२५-२६ साली आठवड्याला ७३ पौंड ९० पेन्स होता.

त्या बारा कामांच्या व्याख्या मी कुठल्याही ललित वाङ्मयाच्या वर ठेवीन. स्वयंपाक म्हणजे ताज्या जिनसांपासून एका माणसापुरतं केलेलं एका पदार्थाचं साधं जेवण. शिजवणं म्हणजे कमरेच्या उंचीवर किंवा तिच्याहून वर अन्न तापवणं. खाली वाकून ओव्हनमधून भांडं काढता येत नसेल तर ते हिशेबात नाही. माझ्या आजीनं सबंध आयुष्य जमिनीवरच्या चुलीपुढे बसून माणसं जेवू घातली. या व्याख्येनुसार तिनं कधीच अन्न शिजवलं नाही.

जेवणं म्हणजे घास तोडणं, तोंडापर्यंत नेणं, चावणं आणि गिळणं. त्या घासात कर्बोदकं किती आणि त्यासाठी इन्शुलिनची किती युनिटं टोचायची, हा मधुमेह्याच्या जेवणातला खरा भाग. तो या व्याख्येत बसत नाही. तो तसाही कुणाच्याच व्याख्येत बसत नाही. आमच्या आहारतज्ज्ञ बाईंनी मला एकदा थालीपिठात किती ग्रॅम कर्बोदकं असतात असं विचारलं होतं. मी विचारलं, "आईच्या की हिच्या?" बाईंनी तेही लिहून घेतलं. बाई बिचाऱ्या मनापासून काम करतात. पास्त्याचे आणि बटाट्याचे छापील आकडे त्यांच्याकडे होते, भाजणीच्या वाट्याला कुणी गेलेलं नव्हतं.

खरी मौज औषधपाण्याच्या कलमात आहे. दुखण्यावर लक्ष ठेवायला दुसऱ्या माणसाची मदत लागत असेल तर १ गुण. दिवसातून एकदा लागो की रात्रभर लागो, एकच. माझ्या दंडावर सेन्सर असतो. साखर उतरली की माझा फोन वाजतो आणि त्याच क्षणी बायकोचाही वाजतो. मी झोपेत तो बंद करतो. तिला बंद करता येत नाही, कारण तिला उठायचं असतं. तिच्या सगळ्या जागरणांचा सरकारी भाव १ गुण.

फॉर्म गेल्यावर मूल्यमापनाला एक बाई घरी आल्या. पेशानं नर्स, वागायला अतिशय गोड. आपल्या घरी आलेल्या माणसाला आपण जे विचारतो ते मी विचारलं, "चहा घेणार?" त्या घेते म्हणाल्या. बायकोनं आत जाऊन केला. अहवालात आलं की अर्जदारानं चहा देऊ केला. पुढे दोन परिच्छेद ओलांडून निष्कर्ष होता की अर्जदार साधं जेवण स्वतः करू शकतो. मधल्या परिच्छेदांत आमचा चहा शिजून जेवण कसा झाला ते मला अजून कळलेलं नाही. शिवाय मी नजर भिडवून बोलतो, हसतो आणि नीटनेटका असतो, अशा नोंदी होत्या. मुलीचं दाखवणं असतं तर या अहवालावर मी पसंत पडलो असतो.

सेन्सरचं काय झालं? अहवाल म्हणाला की अर्जदाराकडे आधुनिक उपकरण आहे, म्हणजे आजार त्याच्या काबूत आहे. आजार काबूत ठेवायला दिवसाचे चोवीस तास द्यायचे, आणि ते तास दिले म्हणून आजार नाहीच असं ठरवून घ्यायचं. मी आळशीपणानं साखर चारशेवर ठेवली असती तर चार गुण तरी पदरात पडले असते असं मनात येऊन गेलं.

नकाराचं पत्र पुष्कळ सौजन्यानं लिहिलेलं होतं. तुम्हाला अडचणी आहेत हे आम्ही मान्य करतो, अशी सुरुवात. मग बारा कामं, आणि प्रत्येकापुढे शून्य. शाळेत मला चित्रकलेतसुद्धा इतके कमी पडले नव्हते.

शेजारचे गोरे आजोबा म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. पण खरं सांगू? थेरेसा मे टाइप वन आहेत. इन्शुलिन टोचून त्यांनी तीन वर्षं देश चालवला." हे खरंच आहे. २०१६ ते २०१९ त्या पंतप्रधान होत्या, आणि आधी डॉक्टरांनी त्यांचा मधुमेह टाइप टू समजला होता. मी वरमलो. बायको वरमली नाही. ती म्हणाली, "त्या मिनिटभर गप्प बसल्या तरी चार सचिव धावत येतात. याच्यासाठी मी एकटी आहे, आणि मला नोकरी आहे."

एवढ्यात साताऱ्याहून मामांचा व्हिडिओ कॉल आला. मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. जन्मभर त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून लोकांचे अर्ज परत पाठवले, त्यामुळे नकाराकडे ते कारागिराच्या नजरेनं पाहतात.

"नामंजूर? झकास," मामा म्हणाले. "कारण लेखी दिलंय?"

"बारा पानी दिलंय."

"मग जिंकलो. तोंडी नाही म्हणणारा माणूस अवघड. लेखी नाही म्हणणारा कुठंतरी घसरलेला असतोच. टक्के किती पडले?"

मी सांगितलं की इथे टक्के नसतात, गुण असतात. मामांना ते हलक्या प्रतीचं वाटलं. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि बहुतेक सवलतींना चाळीस टक्के लागतात, हे ते दाखला हातात धरल्यासारखं बोलत होते. नुसता मधुमेह त्या एकवीसांत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. "म्हणजे तू इथं असतास तर फाईलच उघडली नसती. तिकडं निदान उघडून बंद केली. प्रगत देश आहे." मग त्यांनी आवाज खाली आणला. "एक ध्यानात ठेव. मंजुरीवर सही करणाऱ्याला ऑडिट विचारतं. नामंजुरीवर सही करणाऱ्याला कुणी विचारत नाही. त्या माणसावर राग धरू नको. त्याला विचारणारा माणूस गाठ."

विचारणारा माणूस गाठायला आधी एक पायरी चढावी लागते. तिचं नाव अनिवार्य फेरविचार. ज्या खात्यानं नाही म्हटलं त्यालाच महिन्याच्या आत पुन्हा विचारायचं, आणि तसं विचारल्याशिवाय पुढे जायची सोय नाही. मामांना ही कल्पना फार आवडली. आपल्या कचेरीत ती कुणाला सुचली नाही याची त्यांना हळहळ वाटली.

फेरविचाराचा अर्ज मामांच्या देखरेखीखाली तयार झाला. मी लिहिलं होतं, "कधीकधी स्वयंपाकघरात साखर उतरते." मामांनी ते पडद्यावरूनच खोडलं. "कधीकधी म्हणजे काय? कधीकधी पाऊस पडतो. तारीख घाल, वेळ घाल, आकडा घाल, साक्षीदार घाल."

आकड्यावरून आमचं वाजलं. मामाही मधुमेही, पण टाइप टू, आणि त्यांची साखर भारतीय मापात. मी "तीन पॉइंट दोन" म्हटलं की ते दचकायचे. इथल्या आकड्याला अठरानं गुणलं की तिकडचा आकडा येतो, हे मी सांगितल्यावर त्यांनी कॅल्क्युलेटर काढला, अठ्ठावन्न आले, आणि ते पुन्हा दचकले. "अठ्ठावन्नवर तू फोडणी देत होतास?" एवढ्या वर्षांत माझं दुखणं पहिल्यांदाच घरातल्या कुणाला आकड्यानिशी कळलं होतं. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे अर्जात पहिल्या ओळीत पाहिजे." अठरानं गुणलेलं असलं तर बरं, असंही त्यांचं मत होतं. ते मी मानलं नाही.

फेरविचार झाला. खात्यानं आपल्या निर्णयाचा विचार करून तो निर्णय उत्तम असल्याचं कळवलं.

आता अपील. ट्रायब्युनल खात्यापासून वेगळं असतं, अपिलाला फी नाही, आणि फेरविचाराच्या उत्तरापासून महिन्याची मुदत. पिपच्या ज्या अपिलांवर ट्रायब्युनल निकाल देतं, त्यांतली निम्म्याहून कितीतरी जास्त अर्जदाराच्या बाजूनं लागतात, हे मोफत सल्ला देणाऱ्या केंद्रातल्या स्वयंसेवक बाईंनी सांगितलं. इतके लोक शेवटी बरोबर ठरत असतील तर सुरुवातीलाच त्यांचं ऐकायला काय होतं, असं मी विचारलं. बाई इंग्रज असल्यानं त्यांनी भुवई उंचावण्यापलीकडे उत्तर दिलं नाही. पण त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या.

पहिली अशी की काम करता येतं एवढं पुरत नाही. ते सुरक्षितपणे, बऱ्यापैकी, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळात करता आलं पाहिजे. चारांतलं एक जरी नसलं तरी येत नाही असंच धरायचं. दुसरी गोष्ट २०१७ सालच्या निकालाची. अपस्मार असलेल्या माणसांच्या बाबतीत वरच्या ट्रायब्युनलनं ठरवलं की धोका रोज घडत नसला तरी घडला तर किती भयंकर घडेल, हेही पाहायला हवं. आकडी आठवड्यातून एकदा येत असली तरी ती कुठल्या दिवशी येणार हे आधी कळत नाही, म्हणून लक्ष रोजच ठेवावं लागतं. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "न्यायाधीश झालेत म्हणून त्यांचं खरं. मी हे लग्न झाल्यापासून सांगतेय."

मामांना न्यायालयाच्या निकालापेक्षा दुसराच कागद आवडला. शरीर हाक मारत नाही म्हणून माझा गाडीचा परवाना गेला होता. इन्शुलिन घेणाऱ्यानं गाडी काढण्याआधी दोन तासांच्या आत आणि लांबच्या प्रवासात दर दोन तासांनी साखर तपासायची, असा इथला नियम. साखर उतरल्याचं कळतच नसेल तर गाडीला हातच लावायचा नाही. म्हणजे एका खात्याच्या मते मला साखर उतरलेली कळत नाही, म्हणून मी रस्त्यावर धोकादायक. दुसऱ्या खात्याच्या मते मी उकळत्या तेलाजवळ अगदी सुरक्षित. मामांनी ते पत्र कॅमेऱ्याला चिकटवून दोनदा वाचायला लावलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "सरकारविरुद्ध सरकारचाच कागद! नोकरीच्या सगळ्या वर्षांत असा योग मला आला नाही रे."

कायद्यांचंही असंच आहे. २०१० चा समानता कायदा कचेरीत भेदभाव होऊ नये म्हणून अपंग कोण ते ठरवतो, आणि तिथे औषधाचा परिणाम वगळून पाहायचं असतं. इन्शुलिन नसतं तर याचं काय झालं असतं? १९२२ च्या आधी टाइप वनवाल्याचं जे व्हायचं तेच. म्हणून मी त्या कायद्यात अपंग. पिपमध्ये मला इन्शुलिनसकट पाहतात, म्हणून मी धडधाकट. साहेबाच्या देखत अपंग आणि गॅससमोर पहिलवान, अशी माझी दुहेरी कारकीर्द चालू होती.

अपिलाच्या अर्जाला मामांनी "विषय" आणि "संदर्भ क्रमांक एक ते सात" जोडायला लावले. केंद्रातल्या बाईंनी ते न कापता ठेवले. मामांची त्यांच्याशी एकदा व्हिडिओवर गाठ घालून दिली तेव्हा त्यांनी विचारलं, "मॅडम, पोच घेतली का?" बाईंनी शिक्का मारलेली प्रत कॅमेऱ्यापुढे धरली. मामा नंतर म्हणाले, "बाईंना टेबल कळतं." यापेक्षा मोठी पदवी त्यांच्याकडे नाही.

मग खात्यानं कागदांचा गठ्ठा पाठवला. त्यात माझा फॉर्म, चहाचा अहवाल, नियमांच्या प्रती आणि माझीच पत्रं मला परत. तारीख मिळायला पुष्कळ महिने गेले. मधल्या काळात सरकारनंच परीक्षेचे नियम बदलायला काढले. २०२५ च्या मार्चमधला प्रस्ताव असा होता की रोजच्या जगण्याच्या भत्त्यासाठी नुसती बेरीज पुरे नाही, निदान एका कामात एकदम चार गुण हवेत. सत्ताधारी पक्षाचेच खासदार उखडले आणि जुलैत ते कलम विधेयकातून निघालं. त्या चार महिन्यांत बायको रोज माझ्याकडे पाहून "चार पडतील ना रे तुला?" असं विचारत होती.

सुनावणीला तिघं होते : न्यायाधीश बाई, एक डॉक्टर आणि अपंगत्वाचा अनुभव असलेले एक सदस्य. खात्यातर्फे कुणी आलंच नव्हतं. न्यायाधीश बाईंनी हसून सुरुवात केली, "गुड मॉर्निंग, कसे आहात?" माझं तोंड उघडलं, आणि टेबलाखाली बायकोनं माझ्या पावलावर टाच रोवली. मधुमेहानं माझ्या पावलांची जाणीव कमी झालेली आहे, पण ती टाच पोहोचली. मी म्हणालो, "ते ठरवायलाच आपण जमलो आहोत." डॉक्टर हसले. मला वाटलं, निदान हे अहवालात जाणार नाही.

डॉक्टरांनी खांद्याचं विचारलं. मधुमेह्यांचा खांदा इतरांपेक्षा जास्त आखडतो, हे त्यांना माहीत होतं. स्वेटर कसा घालता? मी सांगितलं, लांब दांड्याच्या आकड्यानं ओढून. इंग्लंडात स्वेटर घालणं हे वर्षातले दहा महिने चालणारं काम आहे, यावर खोलीत एकमत होतं. मग आंघोळीचं निघालं. मी आंघोळीला गेलो की बायको दाराला कडी लावू देत नाही आणि बाहेरून मराठीत गप्पा मारते. उत्तर आलं नाही की ती आत येते. "कसल्या गप्पा?" सदस्यांनी विचारलं. बायको म्हणाली, "पाढे विचारते. एकोणतीसचा चुकला की साखर उतरली."

"एरवी येतो?" न्यायाधीश बाईंनी विचारलं. मी मान खाली घातली.

त्याच वेळी फोन वाजले. माझा आणि तिचा, एकदम. तीन पॉइंट चार. न्यायाधीश बाईंनी कामकाज थांबवलं, डॉक्टरांनी पाणी पुढे केलं, मी तिघांसमोर जेली बेबी चघळत बसलो. बायकोच्या चेहऱ्यावर विजय होता. पुरावा स्वतःच्या पायानं चालत, अगदी वेळेवर आला होता. न्यायाधीश बाई हळुवारपणे म्हणाल्या की घाई नको, पण आजच्या साखरेवर त्यांना निकाल देता येत नाही. खात्यानं नकार दिला त्या दिवशी मी कसा होतो तेवढंच त्यांना पाहायचं आहे. कायदा तसाच आहे. माझी साखर पंधरा महिने उशिरा उतरली होती.

निकाल त्याच दिवशी मिळाला. स्वयंपाकात कुणीतरी जवळ असावं लागतं म्हणून ४. आंघोळीला कुणीतरी दाराशी लागतं म्हणून २. स्वेटरच्या आकड्याचे २. आणि रात्र-रात्र जागण्याचा तो प्रसिद्ध १. एकूण नऊ. हिंडण्याफिरण्यात शून्य, त्याबद्दल माझी तक्रार नाही, हिंडायला मला पहिल्यापासून कंटाळाच आहे.

मामांना कळवलं तर त्यांनी सगळ्यात आधी मागील देय रकमेवर व्याज मिळतं का ते विचारलं. मग निकालपत्राची प्रत मागवली आणि ती साताऱ्यात ज्येष्ठ नागरिक संघात फिरवली. आता तिथले तीन-चार जण आपापले जुने नामंजूर अर्ज घेऊन त्यांच्याकडे बसतात. नातेवाइकांत मात्र वेगळीच बातमी पसरली. "तो तिकडे अपंग झाला" म्हणून एका मावशीनं रडत फोन केला, आणि सरकार दर आठवड्याला पैसे देतं हे ऐकल्यावर रडं थांबवून "किती?" असं विचारलं.

भत्ता तीन वर्षांसाठी आहे. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी तीन वर्षांत परत येतील अशी कुणाची कल्पना असावी. मुदत संपायच्या पुष्कळ आधी फेरतपासणीचा फॉर्म आला. या वेळी तो सुटसुटीत आहे. प्रत्येक कामापुढे विचारतात : सोपं झालंय, अवघड झालंय, की तसंच आहे? आणि खाली सविस्तर लिहायला जागा. मी चष्मा लावला, पेन उघडलं, पहिल्याच कामाखाली "तशी फारशी तक्रार नाही" एवढं सुबक अक्षरात लिहिलं, आणि बायकोनं माझ्या हातातून पेन काढून घेऊन साताऱ्याला फोन लावला.